देवस्थान ट्रस्टवर नवे विश्वस्त झालात, तर कारभाराला हात कुठून घालावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्रातल्या एका देवस्थान ट्रस्टवर तुम्ही नव्याने विश्वस्त झाला आहात. ट्रस्टचे अन्नछत्र आहे, धर्मादाय दवाखाना आहे, शिकणाऱ्या मुलांना मदत दिली जाते. अध्यक्ष वयोवृद्ध, सगळ्यांना मान्य असलेले, देवाच्या पैशाला कधी हात न लावणारे. तरीही बैठका वेळेवर होत नाहीत, कोणता कागद कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असते आणि हिशेबाचा विषय निघाला की 'देवाच्या कामात संशय कशाला' असे ऐकावे लागते. कुणाला न दुखावता हे मार्गी कसे लावायचे?

धार्मिक संस्थांची घडी विस्कटलेली मी पाहिली आहे ती बहुतेक वेळा सज्जन माणसांच्या हातून. अध्यक्षांवर सगळ्यांची श्रद्धा असते म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. कुणी विचारत नाही म्हणून लिहून ठेवायची गरज पडत नाही. आणि ते गेले की मागे राहिलेल्यांवर आरोप होतात, तेव्हा खुलासा करायला कागदाचा एक चिटोराही हाती नसतो. त्या माणसाने आयुष्यभर निरपेक्ष सेवा केलेली असते, तरी त्याच्या नावाला डाग लागतो. हे टाळायचे असेल तर हिशेबाचा प्रश्न एका माणसाने दुसऱ्या माणसाला विचारण्याची वेळच येऊ देऊ नका. तो विषयपत्रिकेतून यावा, छापील नमुन्यातून यावा, कायद्याने ठरवलेल्या तारखेमुळे यावा. मग त्यात कुणाचा अपमान राहत नाही.

आधी कायद्याची चौकट पाहून घ्या. बहुतेक देवस्थाने, गुरुद्वारे, चर्चच्या धर्मादाय संस्था, जैन आणि पारशी न्यास हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. वक्फ संस्थांना १९९५ चा वक्फ कायदा लागू होतो. पंढरपूरची मंदिरे (१९७३ चा कायदा), प्रभादेवीचे सिद्धिविनायक (१९८०), शिर्डीचे साईबाबा संस्थान (२००४) यांच्यासाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदे केले आहेत. तुमच्या वर्णनावरून तुमचा ट्रस्ट पहिल्या प्रकारचा दिसतो, म्हणून पुढचे सगळे १९५० च्या कायद्याला धरून सांगतो.

सुरुवात दोन कागदांपासून करा. एक, ट्रस्टची घटना किंवा न्यायालयाने अथवा धर्मादाय आयुक्तांनी ठरवून दिलेली योजना, म्हणजे कारभाराची नियमावली. दोन, सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून काढलेला परिशिष्ट एकचा ताजा उतारा, ज्याला सगळे 'शेड्यूल वन' म्हणतात. या उताऱ्यावर विश्वस्तांची नावे, उत्तराधिकाराची पद्धत, ट्रस्टची उद्दिष्टे आणि मालमत्ता लिहिलेली असते. हा उतारा प्रत्येक विश्वस्ताने एकदा स्वतः वाचावा असा माझा आग्रह असतो, कारण तो वाचल्यावर काय करायला हवे हे वेगळे सांगावे लागत नाही. उताऱ्यावर पाचजणांची नावे असतात, त्यातले तिघे कधीच दिवंगत झालेले असतात आणि आज कारभार पाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिथे नसते. मधल्या काळात घेतलेली जमीन, बांधलेले सभागृह, वाढवलेला दवाखाना यांचीही नोंद नसते. तुमचे स्वतःचे नाव तिथे चढले आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

विश्वस्तांत किंवा मालमत्तेत बदल झाला की ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. तो राहून गेला असेल तर उशिराचे कारण देऊन माफीच्या अर्जासह दाखल करता येतो. जुने बदल क्रमाने लावत यावे लागतात. १५ वर्षांपूर्वीची निवड मंजूर नसेल, तर तिच्यावर आधारलेली आजची निवड कोणत्या अधिकाराने झाली, हा प्रश्न उभा राहतोच. प्रत्येक बदलासाठी बैठकीची सूचना, ती सदस्यांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र, जुन्या विश्वस्ताचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला लागतो. यातला सूचना पोचल्याचा पुरावा हाच कागद सगळ्यांत जास्त वेळा गहाळ असतो, आणि विरोधक नेमके त्यावरच बोट ठेवतात. म्हणून आजपासून प्रत्येक बैठकीची सूचना सही घेऊन द्या किंवा पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. व्हॉट्सअॅपवर आठवण द्यायला हरकत नाही, पण घटनेत सूचनेची जी पद्धत लिहिली आहे ती सोडू नका.

हे काम नीरस आहे, तरी मी ते पहिले ठेवतो. एक तर त्यात कुणाच्या सचोटीचा प्रश्न येत नाही, त्यामुळे अध्यक्षही मनापासून मदत करतात. आणि पुढची दारे यावरच उघडतात. बँक खात्यावर सह्या बदलणे, जमिनीच्या व्यवहाराची परवानगी, देणगीदार कंपनीकडून निधी मिळणे, सगळीकडे पहिला कागद शेड्यूल वनचा ताजा उताराच मागितला जातो.

आता धर्म आणि कारभार यांच्या सीमेबद्दल. 'बाहेरच्या नियमांनी देवाचे काम कसे चालेल' हा आक्षेप मनापासून घेतला जातो, त्याला तितक्याच मनापासून उत्तर द्यायला हवे. हा प्रश्न या कायद्याच्या अगदी सुरुवातीलाच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी १९५० च्या कायद्याला आव्हान दिले. न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध ठरवला. पूजा, विधी, संप्रदायाचे आचार ही धर्माची बाब, तिथे संविधानाच्या अनुच्छेद २५ आणि २६ चे संरक्षण आहे. संस्थेच्या मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसार चालला पाहिजे, असे अनुच्छेद २६ मध्येच म्हटले आहे. त्याच निकालात न्यायालयाने शासनाच्या हातालाही लगाम घातला: दात्याचा मूळ हेतू पार पाडता येत असताना धार्मिक न्यासाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येईल, अशी तरतूद टिकली नाही. हे अध्यक्षांना जरूर सांगा. कायदा श्रद्धेच्या विरोधात उभा आहे ही भीती त्याने बरीच कमी होते.

व्यवहारात ही सीमा अशी आखता येते. पूजा कोणत्या वेळी, उत्सव कोणत्या पद्धतीने, प्रवचन कुणाचे, हे पुजारी, महाराज किंवा संप्रदायाचे प्रमुख ठरवतील. उत्सवावर किती खर्च, मंडपाचे काम कुणाला, पैसे कोणत्या खात्यातून, हे विश्वस्त मंडळ ठरवेल. महाराजांनी एखाद्या कामाची इच्छा व्यक्त केली तर तिचा आदर ठेवून ती विषयपत्रिकेवर घ्या, अंदाज मागवा, ठराव करा. 'महाराज म्हणाले म्हणून दिले' असे किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लिहिता येत नाही. आणि उद्या चौकशी झाली तर उत्तर विश्वस्तांना द्यावे लागते, महाराजांना त्यात ओढले जाते ते वेगळेच.

सगळ्यांत जास्त लक्ष दानपेटीला द्या, कारण धार्मिक संस्थेत रोख पैसा इथूनच येतो. पेटीला दोन कुलपे असावीत आणि किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे, त्या एकाच घरातल्या नसाव्यात. पेटी उघडण्याचा दिवस आधी जाहीर करा, म्हणजे फलक लावा आणि भाविकांपैकी दोघा-तिघांना साक्षीला बोलवा. उघडण्यापूर्वी सील तपासून त्याचा क्रमांक लिहा. मोजदाद एकाच टेबलावर, सगळ्यांच्या समोर. नोटा मूल्याप्रमाणे वेगळ्या, नाणी वेगळी, फाटक्या आणि परकीय नोटा वेगळ्या. एका कागदावर प्रत्येक मूल्याच्या नोटा किती आणि त्यांची रक्कम किती हे लिहा, खाली बेरीज अंकी आणि अक्षरी, त्याखाली उपस्थितांच्या सह्या. हाच पंचनामा. मोजणारा आणि किर्द लिहिणारा एकच माणूस नको. रक्कम त्याच दिवशी, बँक बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, पूर्ण भरा आणि भरणा पावती पंचनाम्याला जोडा. पूर्ण या शब्दावर माझा भर आहे. मोजता मोजता 'किराणावाल्याचे देऊन टाकू' म्हणून त्यातले काही बाजूला काढले की पंचनाम्याची आणि बँकेच्या पासबुकाची रक्कम कायमची जुळेनाशी होते. किराणावाल्याचे पैसे द्यायचेच आहेत, ते धनादेशाने किंवा खात्यातून द्या.

सोन्याचांदीच्या वस्तू पेटीत किंवा थेट देवापुढे येतात. त्या दिवशीच वजन करून, वर्णन लिहून, शक्य तर छायाचित्र काढून नोंदवहीत घ्या. कलम ३६ ब प्रमाणे स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे, आणि देवाच्या दागिन्यांची यादी तिचाच भाग आहे. 'एक पिवळी साखळी' अशी नोंद पुरेशी नाही, वजन हवेच. वर्षातून एकदा यादी हातात धरून वस्तू प्रत्यक्ष जुळवा.

क्यूआर कोडकडेही लक्ष असू द्या. मंदिरात, सेवेच्या टेबलावर, उत्सवाच्या मंडपात लावलेला कोड ट्रस्टच्या खात्याचाच आहे का, हे स्वतः एक रुपया पाठवून पाहा. कुण्या उत्साही कार्यकर्त्याने सोय म्हणून स्वतःच्या खात्याचा कोड लावलेला असतो, आणि तो पैसे इमानेइतबारे पोचवतही असतो. तरी तो कोड त्याच दिवशी उतरवा. भाविकाने पैसा ट्रस्टला दिला आहे, तो वाटेत कुणाच्याही वैयक्तिक खात्यात थांबता कामा नये. त्या कार्यकर्त्यालाही उद्या प्राप्तिकराचा प्रश्न येऊ शकतो, हे सांगितले की तो सहसा लगेच ऐकतो.

देणगी कशासाठी आली हे पावतीवर लिहिलेच पाहिजे. अन्नदान, जीर्णोद्धार, दवाखाना, कायमनिधी (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचे असा निधी), सर्वसाधारण असे रकाने पावतीपुस्तकातच छापून घ्या. छपराच्या दुरुस्तीसाठी लोकांनी दिलेला पैसा रुग्णवाहिकेला वापरला तर काम चांगलेच झाले, पण दात्याला दिलेला शब्द मोडला. छपराचे काम पूर्ण होऊन रक्कम उरली, किंवा ते काम करणे अशक्यच झाले, तर उद्देश बदलण्याचा रस्ता कायद्यात आहे. तो धर्मादाय आयुक्त आणि न्यायालय यांच्यामार्फत जातो, विश्वस्तांच्या एका ठरावाने तो पार होत नाही. कायमनिधीसाठी दात्याचे लेखी पत्र फाइलला ठेवा. फक्त पावतीवर शिक्का मारून काम भागत नाही.

नात्यागोत्याचा विषय नाजूक आहे. एकाच समाजातली, एकाच संप्रदायातली माणसे असल्यावर कंत्राटदार कुणाचा तरी भाचा आणि भाडेकरू कुणाचा तरी व्याही निघणारच. नाते असणे हा दोष नाही, ते लपणे हा दोष आहे. वर्षाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक विश्वस्ताने एक पानाचे निवेदन द्यावे: ट्रस्टशी व्यवहार असलेले माझे नातलग, माझे व्यवसाय, ट्रस्टची माझ्याकडे असलेली जागा. त्या व्यक्तीचा विषय निघाला की संबंधित विश्वस्त बैठकीतून बाहेर जाईल आणि तसे इतिवृत्तात लिहिले जाईल. हे निवेदन सगळ्यांत आधी अध्यक्षांनी द्यावे, मग बाकीच्यांना जड जात नाही. प्राप्तिकर कायद्यात विश्वस्त किंवा त्यांच्या नातलगांना अवाजवी लाभ मिळाला तर ट्रस्टची करसवलत धोक्यात येते, हा मुद्दा तुमचे सीए बैठकीत समजावून सांगू शकतील.

जागा भाड्याने देताना कलम ३६ डोळ्यांसमोर ठेवा. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जमीन व इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त असेल, तरीही लागते. ट्रस्टच्या नावाने कर्ज काढायचे असेल तर कलम ३६ अ प्रमाणे परवानगी आधी घ्यावी लागते. सभागृह बांधताना पैसे कमी पडले आणि विश्वस्तांनी हातउसने आणले, असे सर्रास घडते. चांगल्या हेतूनेच घडते, पण तेही कर्जच.

इतिवृत्ताबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. बऱ्याच वह्यांमध्ये मला असा ठराव दिसतो: 'दवाखान्याच्या दुरुस्तीबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.' यातून काय मंजूर झाले ते कुणालाच सांगता येणार नाही. तोच ठराव असा लिहावा: 'दवाखान्याच्या छपराच्या दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके आली, ती बैठकीत वाचली. सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराकडे यंत्रसामग्री नसल्याने दुसऱ्या क्रमांकाचे दरपत्रक स्वीकारावे असे खजिनदारांनी सुचवले. एका विश्वस्ताचे मत होते की काम पावसाळ्यानंतर करावे. चर्चेअंती काम लगेच सुरू करण्याचे ठरले. खर्च दवाखाना निधीतून. कामावर देखरेख कार्यवाहांनी करावी आणि पुढील बैठकीत अहवाल द्यावा. सूचक, अनुमोदक.' हे लिहायला पाच मिनिटे जास्त लागतात. दहा वर्षांनी कुणी विचारले तर त्या वेळच्या विश्वस्तांनी काय विचार केला हे या ओळी सांगतील. विरोधी मताची नोंद अवश्य करा. त्याने फूट पडत नाही, उलट ज्याचे मत लिहिले गेले तो ठरावाबरोबर राहतो. आणि वही कार्यवाहांच्या घरी नको, ट्रस्टच्या कपाटात हवी.

हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या ट्रस्टने अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना धर्मादाय कार्यालयाला सादर करायचे असते, आणि लेखापरीक्षण अहवाल वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत. या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाने ठराविक मुद्द्यांवर उत्तरे द्यायची असतात: हिशेब नियमित आहेत का, रोख शिल्लक जुळली का, ट्रस्टचा पैसा उद्दिष्टाबाहेर खर्च झाला का, मालमत्तेचा व्यवहार कलम ३६ मोडून झाला का, ५००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का. हा अहवाल विश्वस्तांनी वाचायचा असतो. प्रत्यक्षात सही करण्यापुरते शेवटचे पान उघडले जाते. तुम्ही एक करा: सीएंना वर्षातून एकदा बैठकीला बोलवा आणि अहवाल मुद्द्यागणिक मोठ्याने वाचायला सांगा. तासाभराचे काम आहे. शंका असेल ती तिथेच विचारली जाते, आणि प्रश्न विचारणारा माणूस वाईट ठरत नाही.

यापेक्षा गंभीर विषय मुलांचा, स्त्रियांचा आणि आजारी माणसांचा आहे. तुमच्याकडे दवाखाना आहे, मुलांना मदत दिली जाते. पुढे वसतिगृह किंवा संस्कारवर्गही निघेल. श्रद्धास्थानी लोक बेसावध असतात, आणि तक्रार आलीच तर 'संस्थेची बदनामी नको' या एका वाक्याखाली ती दाबली जाते. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळाने आपापसांत बसून चौकशी करणे, माफीनामा घेणे, सेवेकऱ्याला दुसऱ्या ठिकाणी पाठवणे, यातले काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत तक्रार समिती नेमावी लागते. पुजारी, स्वयंपाकी, दवाखान्यातले कर्मचारी मिळून हा आकडा सहज भरतो. कोणताही सेवेकरी एकट्या मुलासोबत बंद खोलीत असणार नाही, हा साधा नियम लेखी करून भिंतीवर लावा. तो महाराजांनाही लागू हे त्यातच लिहा. इथे मात्र कुणाला वाईट वाटेल म्हणून थांबू नका.

राहिले अध्यक्ष. त्यांच्या डोक्यात जे साठले आहे ते संस्थेचे भांडवल आहे. कोणत्या जमिनीचा वाद कुठे अडला, कोणत्या दात्याने कोणत्या अटीवर खोली बांधून दिली, जुन्या दस्तांची पेटी कुणाच्या घरी आहे, हे फक्त त्यांना माहीत असते. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसा, ते सांगतील ते लिहून घ्या, कागद मागून घ्या, यादी करा आणि त्यावर त्यांचीच सही घ्या. विचारताना 'पुढच्यांना तुमच्यासारखे माहीत नाही, लिहून ठेवू या' असे म्हणा, कारण ते खरेच आहे. सहखजिनदार, सहकार्यवाह अशी जोडपदे घटनेत बसत असतील तर तरुण माणसे आणि स्त्रिया त्यावर घ्या आणि त्यांना खरे काम द्या. कितीतरी मंदिरांत वर्षानुवर्षे सेवेचे सगळे व्यवस्थापन बायका करतात आणि विश्वस्तांच्या यादीत त्यांचे एकही नाव नसते, हे मला मनापासून खटकते.

विश्वस्ताला निलंबित करणे किंवा काढणे यासाठी कलम ४१ ड आहे, निर्देश मागण्यासाठी ४१ अ आहे, दाव्यासाठी कलम ५० आहे. हे माहीत असू द्या, पण पैसा जातो आहे किंवा कुणाला इजा होते आहे अशी स्थिती नसेल तर तिथून सुरुवात करू नका. एकदा अर्ज पडला की गट तयार होतात आणि सेवेचे काम बाजूला राहते. पहिल्या वर्षात शेड्यूल वनचा उतारा, राहिलेले बदल अर्ज, दानपेटीचा पंचनामा आणि नीट लिहिलेले इतिवृत्त एवढे जमवा. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत फक्त एक विषय घाला, 'शेड्यूल वनच्या उताऱ्याचे वाचन', आणि उताऱ्याच्या प्रती सगळ्यांना आधीच पोचत्या करा.